मोटारीतील हत्यारे : निवड आणि वापर

(मेहरूण, जळगाव येथे वाहनधारकांसमोर केलेले भाषण)



मेहरूणचे नाव घेतले की तलाव आणि बोरे आठवतात. आता त्यांच्या जोडीला वर्दळही आठवावी लागेल. शेजारी औद्योगिक वसाहत, एका अंगाला अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि जवळूनच सुरत-नागपूर राष्ट्रीय महामार्ग. हा महामार्ग पूर्वी ६ क्रमांकाचा होता. नव्या क्रमवारीत तो ५३ क्रमांकाचा झाला असला, तरी जुन्या चालकांच्या तोंडी ‘सहा नंबर’च आहे. येथून निघालेली मोटार पश्चिमेस एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यास जाते, पूर्वेस भुसावळ-मुक्ताईनगरवरून विदर्भात उतरते, दक्षिणेस अजिंठ्याचा किंवा चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट चढते आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला लागते. यांपैकी कोणत्याही वाटेवर गाडी थांबली, तर डिकीतील हत्यारांचा आपल्याला खरोखर उपयोग होईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. परंतु महामार्गाच्या कडेला बंद पडलेली गाडी ही चालत्या गाडीपेक्षा अधिक धोक्यात असते. रात्री चाक बदलत बसलेल्या माणसाला मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे दिसतात. ट्रकचालकाला तो माणूस दिसेलच अशी खात्री नसते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडचे चाक बसले असेल, तर ते बदलणाऱ्याची पाठ थेट वाहतुकीकडे येते. अशा वेळी नट सुटण्यास पाच मिनिटे लागतात की पाऊण तास, यावर जीव अवलंबून राहू शकतो. म्हणून हत्यारांची निवड ही हौसेची बाब आहे, असे मी मानत नाही.

प्रथम हत्यारे कशासाठी ठेवावयाची, ते निश्चित करू. एक काळ असा होता की चालकाला अर्धा मेकॅनिक व्हावेच लागे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर या दोन गाड्यांवर आपला देश कित्येक वर्षे फिरला. प्लग काढून घासणे, पॉइंट साफ करणे, कार्बोरेटरमधील कचरा फुंकून काढणे, तुटलेला फॅन बेल्ट बदलणे ही कामे रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत होत असत. त्यात आणखी एक पंचाईत होती. फियाटचे नट मिलिमीटरच्या मापाचे, तर अ‍ॅम्बेसेडरचे इंचाच्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटे आणि जोर लावला की नटाच्या कडा गोल करून ठेवी. ज्याच्याकडे दोन्ही गाड्या, त्याच्याकडे पान्यांचे दोन संच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू हे चित्र पालटले. मापे मिलिमीटरची झाली. पुढे इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेला. आजच्या गाडीचे बॉनेट उघडून चालकाने पाना चालवावा असे तेथे फारसे काही उरलेले नाही. रस्त्यावर चालकाने स्वतः करावयाची कामे मोजकीच राहिली आहेत : चाक बदलणे, हवा भरणे, बॅटरीचे टोक घट्ट करणे, फ्यूज बदलणे आणि खाली लोंबणारा एखादा पत्रा वा प्लॅस्टिकचा भाग तारेने बांधून गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेणे. पेटी या कामांपुरती असावी.

आणि येथेच बाजारातील पेटीचा घोटाळा सुरू होतो. आपल्यापैकी काहींनी आपापल्या पेट्या आज बरोबर आणून या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यांतील सर्वांत लोकप्रिय पेटी म्हणजे ४६ नगांचा सॉकेट-संच. दिसायला सुबक आहे. प्रत्येक नगाला त्याच्या आकाराची खोबण, एक लहान रॅचेट, पेचकसाची बरीचशी टोके. ही पेटी घरातील शिलाई यंत्रासाठी किंवा पंख्यासाठी उत्तम. परंतु त्यातील सॉकेट बहुधा ४ ते १४ मिलिमीटरचे असतात. मोटारीच्या चाकाचे नट गाडीप्रमाणे १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचे. म्हणजे ४६ नगांपैकी एकही नग, ज्या कामासाठी आपण ही पेटी घेतली, त्या कामाला चालत नाही. त्या रॅचेटचा चौकोन पाव इंचाचा. चाकाच्या नटाला अर्ध्या इंचाचा लागतो. नगांची संख्या वाचून पेटी घेऊ नये. आपल्या गाडीच्या चाकाचा नट किती मिलिमीटरचा आहे, हे कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी.

चाकाच्या पान्याविषयी मी थोडे अधिक बोलणार आहे, कारण सगळ्या पेटीत तोच महत्त्वाचा. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असावेत. म्हणजे एक मीटर लांब दांडा असेल, तर त्याच्या टोकावर सुमारे १० किलोचा भार. गाडीबरोबर येणारा पाना आखूड असतो. २५ सेंटिमीटरचा पाना धरला, तर तोच नट हलविण्यासाठी सुमारे ४० किलोचा जोर लागेल. दांडा ४५ सेंटिमीटरचा असेल, तर २२-२३ किलोत काम होते. हा हिशेब नट योग्य आवळलेला असल्यास. टायरच्या दुकानात वाऱ्याच्या गनने नट आवळतात, तेव्हा तो कधी कधी याच्या दुप्पट घट्ट होतो. मग पान्यावर उभे राहण्याची पाळी येते, पाना निसटतो आणि गुडघा फुटतो.

म्हणून माझी शिफारस अशी की घरात जी व्यक्ती गाडी चालविते आणि वजनाने सर्वांत हलकी आहे, तिला झेपेल असा पाना घ्यावा. धुळे-जळगाव रस्त्यावर नोकरीनिमित्त एकट्याने ये-जा करणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत. त्यांच्या गाडीत आखूड पाना ठेवणे म्हणजे पाना न ठेवण्यासारखेच आहे. ओढून लांब होणारा पाना मिळतो. तो डिकीत जागाही अडवीत नाही. चौफुलीच्या आकाराचा पानाही चांगला, कारण तो दोन्ही हातांनी फिरविता येतो. मात्र त्याची चारही तोंडे तपासावीत, एखादे ढिले असते. मेकॅनिक मंडळी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइपाचा तुकडा घालतात. ही युक्ती नट सोडविण्यासाठी खरोखर उपयोगी आहे. आवळताना मात्र पाइप बाजूला ठेवावा, नाही तर चाकाचा स्टड मोडतो.

ज्यांच्या गाडीला अ‍ॅलॉय चाके आहेत, त्यांच्याकडे चोरीपासून संरक्षण म्हणून एखादा कुलपी नट असतो. त्याची चावी घरातील कपाटात असली, तर रस्त्यावर कोणताही पाना उपयोगी पडत नाही. ती चावी पान्यालाच दोरीने बांधून ठेवावी.

आता जॅक. खानदेशात जॅकचा विचार करताना जमिनीचा विचार आधी करावा लागतो. आपली काळी जमीन कपाशीला मानवते, जॅकला मानवत नाही. पावसात ती फुगून मऊ होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. डांबराच्या खाली उतरलेली गाडी उचलताना जॅकचा तळहाताएवढा पाया त्या मातीत रुतत जातो. गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो, आणि तिरपा झाला की गाडी एकदम बसते. यावर उपाय स्वस्त आहे. सुमारे एक फूट लांब-रुंद आणि इंचभर जाड अशी सागाची किंवा चांगल्या प्लायवूडची फळी डिकीत ठेवावी आणि ती जॅकखाली घालावी. कोणत्याही विकतच्या पेटीत ही फळी नसते. माझ्या मते ती या भागात जॅकइतकीच आवश्यक आहे.

काही जण गाडीबरोबरचा कात्री-जॅक काढून त्या जागी तेलाचा बाटली-जॅक ठेवतात. जीपसारख्या उंच गाडीला तो योग्य. लहान मोटारीच्या बाबतीत अडचण अशी की बाटली-जॅक मिटवलेला असतानाच १९-२० सेंटिमीटर उंच असतो आणि हवा गेलेल्या चाकाच्या बाजूला गाडी त्याहून खाली आलेली असते. जॅक आत शिरतच नाही. म्हणून गाडीच्या कारखान्याने दिलेला जॅकच ठेवावा आणि तो कोणत्या खाचेत लावावयाचा, हे गाडीच्या पुस्तिकेत एकदा पाहून घ्यावे. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवावी, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला लाकडी ठोकळा लावावा. नट आधी थोडे ढिले करावेत आणि मगच गाडी उचलावी. उचललेल्या गाडीखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवावी, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी चाकावर टेकेल, माणसावर नाही. घाटाच्या उतारावर जॅक लावूच नये.

स्टेपनी हा शब्द आपण इतका घरचा केला आहे की तो परका आहे हे ध्यानातही येत नाही. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लॅनेली नावाचे गाव आहे. तेथील स्टेपनी रस्त्यावरील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाची कल्पना बाजारात आणली आणि त्या रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. पुढे तो शब्द आपल्याकडे रुळला.

तथापि ही स्टेपनीच आता अनेक नव्या गाड्यांतून नाहीशी होत आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना जादा चाकाची सक्ती राहिली नाही. विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांतही ती जागा रिकामी किंवा बॅटरीने व्यापलेली असते. सी.एन.जी. गाड्यांत स्टेपनी असते, परंतु ती टाकीच्या आडोशाला असल्यामुळे काढणे जिकिरीचे होते. नवी गाडी घेताना रंग नंतर पाहावा. आधी डिकीचे झाकण उचलून स्टेपनी आहे किंवा नाही, हे पाहावे. ती नसेल, तर पंक्चरचे साहित्य आणि हवेचा पंप हीच आपली खरी पेटी होय.

ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याचे साहित्य साधे असते : भोक साफ करण्याचा टोच्या, पट्टी खोवण्याची सुई, रबरी पट्ट्या. ते केवळ टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल, तर पट्टी लावून महामार्गावर जाऊ नये. आपल्याकडे शेतापर्यंत गाडी नेण्याचा प्रघात वाढला आहे. कपाशी उपटल्यावर किंवा कापल्यावर राहिलेले पऱ्हाटीचे खुंट हे टायरचे मोठे वैरी. त्यांची इजा बहुधा भिंतीलाच होते.

पंप घेताना विजेचा हिशेब पाहावा. १२ व्होल्टवर चालणारा १२० वॅटचा पंप सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतो. गाडीतील सिगारेट-लायटरच्या जागेचा फ्यूज साधारणतः १० ते २० अँपिअरचा असतो. त्याहून मोठा पंप लावला, तर हवा भरण्याआधी फ्यूज जातो. पायाने मारण्याचा पंप जुनाट वाटतो, परंतु त्याला ना फ्यूज लागतो ना बॅटरी. मला तो आवडतो. हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना मोजावी. भर दुपारी धुळ्याहून आलेल्या गाडीच्या टायरमध्ये चार-पाच पौंड दाब जास्त दिसतो; तो पाहून हवा काढली, की रात्री टायर कमी हवेवर धावतो.

ऊन हाच या भागातील दुसरा मोठा प्रश्न आहे. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दिवशी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत ६० अंशांहून अधिक उष्णता होऊ शकते. मुंबई-पुण्याच्या माहितीवर पेटी तयार करणारे येथे फसतात. पंक्चर भरणाऱ्या फेसाच्या दाबयुक्त डब्यावर ‘५० अंशांवर ठेवू नये’ अशी सूचना छापलेली असते. म्हणजे आपल्या डिकीत त्याला उन्हाळ्यात जागा नाही. बॅटरी उतरल्यास गाडी सुरू करून देणारे लिथियमचे छोटे उपकरण सोयीचे खरे, परंतु तेही उन्हाळ्यात गाडीत सोडून जाऊ नये. बरोबर न्यावे व बरोबर आणावे. रबराचे सोल्युशन नळीतच सुकते. चिकटपट्टीचा डिंक सुटून ती पिशवीला चिकटते. टॉर्चमधील सेल गळतात, म्हणून ते बाहेर काढून वेगळ्या पुडीत ठेवावेत. टॉर्च डोक्याला बांधण्याचा घ्यावा. दोन्ही हात मोकळे राहतात.

यामुळे बॅटरीच्या जोडतारा, ज्यांना जंपर केबल म्हणतात, त्याच येथे अधिक भरवशाच्या ठरतात. त्या जाड आणि अस्सल तांब्याच्या असाव्यात. वरून जाड दिसणाऱ्या पुष्कळ तारांत प्लॅस्टिकच जाड असते. अधिकाचे टोक अधिकाला जोडावे. उण्याचे दुसरे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तेथे ठिणगी नको. विजेवरील गाडीत नारिंगी रंगाच्या तारांना चालकाने स्पर्शच करू नये.

बाकी हत्यारांना फार वेळ देत नाही. १०-११, १२-१३ आणि १४-१५ असे तीन दुतोंडी पाने, दोन्ही टोके वापरता येणारा पेचकस, आठ इंची पक्कड, थोडी बांधण्याची तार आणि जाड हातमोजे. त्यांत १० चा पाना नेहमी वर ठेवावा, कारण बहुसंख्य गाड्यांच्या बॅटरीच्या टोकाला तोच लागतो. ‘गाडी सुरूच होत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा त्या एका ढिल्या नटात असते. फ्यूज रंगांवरून ओळखावेत : लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय.

हत्यारांच्या दर्जाबद्दल विचारले जाते. भारतीय मानकांत दुतोंडी पान्यांसाठी २०२८ आणि रिंग पान्यांसाठी २०२९ या क्रमांकांची मानके आहेत. चांगले उत्पादक सूचिपत्रात त्यांचा उल्लेख करतात. आपल्याच राज्यात नाशिकच्या सातपूर वसाहतीत तापडिया टूल्सचा कारखाना आहे. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर हीही या उद्योगाची जुनी ठिकाणे. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे कोणीही ठोकू शकतो. त्यापेक्षा दुकानात एक नवा नट मागावा आणि पाना त्यावर बसवून हलवून पाहावा. खडखडला तर परत द्यावा. उत्पादकाचे नाव नसलेला पाना घेऊ नये, मग तो कितीही चकाकत असो.

पेटीही पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची नको. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते, पत्रा वाजतो. ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून कॅनव्हासचा लांब पट्टा कप्पे घालून शिवून घ्यावा आणि गुंडाळून पट्ट्याने बांधावा. एखादा पाना हरवला, तर रिकामा कप्पा लगेच दिसतो. ही गुंडाळी डिकीत घट्ट अडकवावी. अपघातात सुटा पाना गोळीसारखा पुढे येतो. आणि ती सामानाच्या खाली गाडू नये. आखाजीला माहेरी निघालेल्या कुटुंबाने भर दुपारी रस्त्यावर बॅगा, पापडांचे डबे आणि आंब्यांच्या करंड्या उतरवून मग जॅक शोधावा, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

या सर्वांआधी हाती घ्यावयाची वस्तू म्हणजे परावर्तक त्रिकोण. तो गाडीला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही. सरळ रस्त्यावर गाडीच्या मागे किमान पन्नास पावले आणि घाटात वळणाच्या अलीकडे ठेवावा. दगड मांडून खूण करू नये. गाडी निघून जाते, दगड रस्त्यावर राहतात आणि रात्री दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. गाडीतील मंडळींना रस्त्यापासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभे करावे. जागाच धोक्याची असेल, तर बसलेल्या चाकावर हळूहळू पुढे जाऊन रुंद जागा गाठावी. टायर फुकट जाईल, जाऊ द्यावा. अंधारात, वळणावर किंवा मुसळधार पावसात पाना हाती घेऊच नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, आणीबाणीत ११२. सातपुड्यात पाल किंवा तोरणमाळच्या बाजूला दूरध्वनी लागेलच असे नाही, तेव्हा तेथे जाण्यापूर्वी स्टेपनीतील हवाही तपासावी. वर्षानुवर्षे पडून असलेल्या स्टेपनीत हवा नसते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

खंडेनवमीला आपण हत्यारे बाहेर काढून पुसतो आणि त्यांची पूजा करतो. त्या दिवशी जॅकच्या आट्यांना ग्रीस लावावे, पान्यांवर तेलाचा हात फिरवावा. चाकाच्या स्टडला मात्र तेल लावू नये, त्याने नट गरजेपेक्षा अधिक आवळला जातो. त्याच दिवशी घराच्या अंगणात प्रत्येक चाकाचा एकेक नट आपल्या पान्याने सोडवून पुन्हा आवळून पाहावा. जो सुटणार नाही, तो टायरवाल्याकडून ढिला करून हाताने आवळून घ्यावा. रस्त्यावर चाक बदलले असेल, तर पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

बाहेर मैदानात एक गाडी काळ्या मातीवर उभी केली आहे. फळी न घालता आणि फळी घालून, असा दोन्ही प्रकारे जॅक लावून पाहू. गाडी किती उचलली जाते आणि जॅक किती रुततो, हे आपण पट्टीने मोजणार आहोत. येताना आपापला पाना बरोबर घ्यावा.